देवकाअक्कांचं सांगणं

देवपुरात राहायला गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी माझी कीर्ती देवापर्यंत पोचली. मी अजून अंथरुणातच होते. भिंतीपलीकडून, म्हणजे घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरातून, खणखणीत आवाज आला, "आयक रे बाप. नवी मास्तरीनबाई उनी शे. फैजपूरकडली शे, एकलीच शे. उशिरा ऊठस, पन पोर चांगली दिखस. तिनं पोट बिघडेल शे, तेवढं नीट कर."

पोट बिघडल्याचं मी त्या घरात फक्त सुनेला सांगितलं होतं, तेही ओवा मागताना, हळू आवाजात. सुनेनं सासूला सांगितलं आणि सासूनं थेट वर कळवलं. मी तणतणतच उठले. दार उघडून बघते तर पाण्याची बादली घेऊन चाललेल्या दोन बायका अंगणात थांबून माझ्याकडे बघत होत्या. एकीनं विचारलंसुद्धा, "आता बरं आहे का पोट?"

देवकाअक्कांशी माझी ओळख झाली ती अशी. साठीच्या आसपासच्या, उंच, हाडापेरानं मोठ्या, कपाळ मोकळं, कासोटा घट्ट. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. नवऱ्यानं मागं ठेवलेलं कौलारू घर, त्यातल्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या आणि उरलेल्यात सासू-सुनेनं राहायचं. स्वयंपाकघरात भिंतीच्या कोनाड्यात देव. पितळेचे दोन-तीन टाक आणि धुरानं इतकी काळवंडलेली एक तसबीर की आत कोण आहे ते अक्कांनाही सांगता येत नसे. "कोनी का असेना, आयकस ना? मंग झालं," असं त्या म्हणत.

स्तोत्र, पोथी, मंत्र यांतलं त्यांना काही येत नव्हतं. रोज सकाळी अंघोळ झाली की ओल्या केसांनी त्या कोनाड्यासमोर उभ्या राहत आणि देवाला सांगत. त्या त्याला प्रार्थना म्हणत नसत, सांगणंच म्हणत. कोणाची सून बाळंत व्हायची आहे, कोणाला खोकला लागलाय, कोण दारू पिऊन गटारीत पडला, नळ सोडणाऱ्याला बुद्धी कशी द्यायला हवी, सगळं अहिराणीत, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात. संध्याकाळी दिवा लावला की सकाळपासूनची भर. आमच्या गल्लीला वर्तमानपत्राची गरजच नव्हती.

समोरच्या बाई एकदा भांडायला आल्या. त्यांच्या नवऱ्याच्या पिण्याचं सकाळीच देवाला कळलं होतं. "आमच्या घरातलं देवाला सांगायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" म्हणून त्यांनी हातवारे केले. अक्का शांतपणे म्हणाल्या, "मी तुले कोठे सांगं? मी त्याले सांगं. तूच आयकी लिनं, त्यान्हामा मना काय गुन्हा?" बाई पाय आपटत गेल्या. मला हसू आवरेना. मी विचारलं, "अक्का, देवाला सगळं माहीत असतं ना? मग हे सगळं सांगायचं कशाला?" तर त्यांनी माझ्याकडे वर्गातल्या ढ पोराकडे बघावं तसं बघितलं. "माहीत ते शे त्याले. पन सांगनं आपलं काम शे. घरमा मानूस बठेल ऱ्हास, त्याना संगे आपन बोलतस नही का?"

हे सगळं बोलून झालं की त्यांचा आवाज उतरायचा. शेवटचं सांगणं नेहमी एकच असायचं. "आनि मना दिलीप जठे व्हई तठे त्याले जेवाले भेटू दे. आंगवर कापड ऱ्हाऊ दे. घरनी वाट याद ऱ्हाऊ दे." इथं गल्ली आपोआप गप्प व्हायची. मघाशी अंगणात हसणारी बाई बादली उचलून चालू लागायची. आतल्या खोलीत सूनबाईंचं शिवणयंत्र तेवढा वेळ थांबलेलं असायचं.

दिलीप अक्कांचा एकुलता एक मुलगा. आग्रा रोडवर ट्रक चालवायचा. मी तिथं राहायला गेले त्याच्या दोनेक वर्षं आधी तो कापसाच्या गाठी भरून इंदूरला निघाला. सेंधव्याच्या अलीकडे घाटात ट्रक सापडला, रस्त्याच्या कडेला नीट उभा केलेला. गाठी जागच्या जागी, चावी लावलेली, बायकोनं दिलेला डबा न उघडलेला. माणूस मात्र नाही. लुटारूंनी नेला म्हणावं तर माल तसाच. पळून गेला म्हणावं तर कशाला? लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पुढची गोष्ट सांगताना वाचणाऱ्याला उगाच आशा लागू नये म्हणून इथंच सांगून टाकते. दिलीप कधीच परत आला नाही. त्याचं काय झालं ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही. अक्काही जाऊन आता बरीच वर्षं झाली.

त्याची बायको मंगला. शिरपूरकडच्या एका खेड्यातली, सावळी, कमी बोलणारी. गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवायची. पोलीस घरी आले त्या सकाळची हकीगत तिनंच मला सांगितली. दोन पोलीस अंगणात उभे आणि अक्का कोनाड्यासमोर. पोलिसानं हाक मारली तर अक्कांनी मागं न बघता हात वर केला, "थांबा दादा, मना याले सांगनं चालू शे." त्या दिवशीही गल्लीतलं सगळं सांगून झालं, मग त्या बाहेर आल्या आणि ट्रकची बातमी ऐकली. ऐकल्यावर पुन्हा आत गेल्या. मंगला म्हणाली, "बाई, माले वाटनं आते त्या देव फेकी देतीन. पन त्यासनी सगळं पहिलापासून सांगं. आनि शेवटले इचारं, तूच देखेल शे ना रे, मंग कोठे गया तो?"

माझ्यासमोर घडलेला एक प्रसंग मी कधी विसरणार नाही. शिरपूरकडे एका विहिरीत प्रेत सापडलं आणि ओळख पटवायला अक्कांना बोलावणं आलं. त्या धाकट्या दिराबरोबर, आबांबरोबर गेल्या. मंगला दिवसभर उंबऱ्यात बसून होती. मी शाळेतून आले तरी तिथंच. दिवेलागणीला अक्का परत आल्या, पाय धुतले, मंगलाकडे बघून नुसती नकाराची मान हलवली. तो दिलीप नव्हता. मंगला ढसाढसा रडायला लागली. सुटकेनं की कशानं, ते तिलाही सांगता आलं नसतं. अक्कांनी दिवा लावला आणि म्हणाल्या, "तो मना नही व्हता रे बाप. पन कोनती तरी मायना व्हता. ती कोठे तरी वाट देखत बठेल व्हई. तिना जवळ बठ आज. मनाकडे सकायले ये."

मला देवाधर्माचं फारसं कौतुक नव्हतं. आईनं दिलेली गणपतीची एक तसबीर खोलीत होती, उदबत्ती लावायचे, इतकंच. त्याच वर्षी आई गेली. फैजपूरला तेरावं करून परत आले आणि ती तसबीर ट्रंकेत तळाशी घातली. आठवडाभर माझ्या खोलीतून उदबत्तीचा वास आला नाही, हे अक्कांच्या नाकानं टिपलं. दारात येऊन त्यांनी विचारलं, "रुसनी का त्यानावर?"

"हो," मी म्हटलं. आवाज चढलाच माझा.

"रुस. रुसाले काय, मी बी रुसस. पन समोर उभी राहीसन रुस. पाठ फिरावी देशी ते तुनं रडेल तोंड त्याले दिखी कसं?" मग जरा वेळानं म्हणाल्या, "मांगू नको, हात जोडू नको. नुसती उभी ऱ्हाय. रोज. एक दिन बी खाडा नको."

मी तसबीर बाहेर काढली. सुरुवातीला नुसती रागानं बघत उभी राहायचे. कधी रागाचं रडणं व्हायचं, कधी काहीच व्हायचं नाही, चहा उतू जाईल म्हणून निघून यायचे. पण उभी राहत गेले. दिवस वाईट असले की आजही तेच करते, आणि त्यानं दुःख कमी होतं असं मी म्हणणार नाही. दुःखात आपण एकटे नाही एवढंच वाटतं. ते पुष्कळ असतं.

आता मंगलाबद्दल सांगायला हवं. वर्षं जात होती आणि ती पोर धड इकडची ना तिकडची अशी झाली होती. कपाळाला कुंकू, हातात बांगड्या, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली की बायकांची पंचाईत व्हायची. एखादी पटकन कुंकू लावायची, एखादी तबकात काहीतरी शोधत राहायची. एकदा तशीच परत आली, माझ्या खोलीत येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही शिकेल शेतस. तुम्ही सांगा, मी कोन शे? सवाशीन शे का रांड शे?" मी तिच्यापुढे चहा ठेवला. तिनं तो न पिता बशीत ओतला, पुन्हा कपात ओतला, आणि उठून गेली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मंगलाचा भाऊ एक स्थळ घेऊन आला. एरंडोलकडचा विधुर माणूस, एसटीत कामाला, निर्व्यसनी. त्यांच्या जातीत बाईचा दुसरा विवाह होतो, पाट लावतात. त्यात कमीपणा मानत नाहीत. मुलाकडच्यांना मंगला पसंतही होती. पण अडचण निघाली ती कानबाईची.

खानदेशाबाहेरच्यांना हे थोडं सांगावं लागेल. श्रावणात आमच्याकडे घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याला गव्हाचे रोट करतात, ते सगळ्या भाऊबंदकीनं मिळून. रोटासाठी गहू मोजायचे ते घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. पाळण्यातल्या पोराची मूठ असते, सुरतेला गिरणीत असलेल्याची असते. मेलेल्याची नसते. अक्कांच्या भाऊबंदकीत दिलीपची मूठ दर श्रावणात पडत होती. मुलाकडचे म्हणाले, तुमच्या कुळात त्याची मूठ पडते म्हणजे तुम्हीच त्याला जिवंत धरता. जिवंत माणसाची बायको आम्ही कशी करून न्यावी? उद्या तो दारात उभा राहिला तर?

भावानं हे सगळं अंगणात बसून अक्कांना सांगितलं. आवाज न चढवता, पण खाली मान घालून म्हणाला, "मावशी, मनी बहीन वाट देखी देखी सुकी जाई. तुम्ही सांगशात तसं." अक्कांनी त्याला जेवायला वाढलं, शेवटी ताकही वाढलं, आणि उत्तर काही दिलं नाही. मंगला आत होती. भाऊ जाताना ती बाहेरसुद्धा आली नाही. आली असती तर तिच्या तोंडावर काय दिसलं असतं याची तिलाच भीती होती, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गल्ली कान देऊन होती. अक्कांनी खोकला सांगितला, बाळंतीण सांगितली, आटलेली पांझरा नदी सांगितली, दिलीपचं सांगितलं. त्या स्थळाबद्दल चकार शब्द काढला नाही. पूर्ण आषाढ तसाच गेला. देवापासून अक्कांनी काही राखून ठेवल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते.

श्रावणात आबांच्या घरी गहू मोजायचे होते. अक्कांचा गुडघा दुखत होता म्हणून गव्हाची टोपली घेऊन मी बरोबर गेले. परकी असल्यामुळे उंबऱ्याबाहेर बसले. आत भाऊबंद जमले होते. आबा एकेका घराचं नाव घेत, त्या घरची बाई घरातल्या पुरुषांची नावं घेत मुठी टाकी. अक्कांच्या घराला एकच मूठ होती, त्यामुळे त्यांची पाळी लगेच उरकायची. आबांनी स्वतःच म्हटलं, "देवकावहिनी, तुमना दिलीपनी एक."

अक्कांचा हात टोपलीत होता. मूठ भरलेली मला दिसत होती. त्यांनी ती टोपलीतच सोडली.

"त्यानी धरू नका," त्या म्हणाल्या.

"काय म्हनतस वहिनी?"

"दिलीपनी मूठ धरू नका आबा. तो नही शे आते."

आबा म्हाताऱ्या आवाजात म्हणाले, "काही समजनं का? कोनी सांगं?"

"कोनी सांगाले कसाले पाहिजे? मी माय शे. माले समजत नही का?"

"वहिनी, ईचार करा. तुमना घरमा दुसरा मानूस नही. ही मूठ गयी ते कानबाईना पुढे तुमनं घरच ऱ्हात नही."

"नही ऱ्हायनं ते नही ऱ्हायनं," अक्का म्हणाल्या, आणि टोपली उचलून माझ्याकडे दिली. परतताना माझ्या हातातली टोपली जशी नेली तशीच भरलेली होती. अख्ख्या रस्त्यात तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. पांझरेच्या काठी दर्भाचा पुतळा करून त्याला आबांनी अग्नी दिला. मंगलाचं कुंकू पुसलं. ते पुसताना ती किंचाळली, आणि तिला अक्कांनीच धरून ठेवलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ माणसं रडताना पाहिली, पण त्या दिवशी न रडणाऱ्या अक्कांकडे बघणं सगळ्यात अवघड होतं.

आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचं सांगणं बंद झालं. वेळ तीच, केस ओले, कोनाड्यासमोर उभं राहणंही तेच. पण तोंडातून आवाज नाही. ओठसुद्धा हलत नव्हते. मी विचारलं तर म्हणाल्या, "घसा बठेल शे." घसा बसलेला नव्हता, भाजीवाल्याशी भांडताना तो चांगला चालत होता. आठवडे गेले तरी कोनाडा मुकाच. गल्लीला चुकल्यासारखं व्हायला लागलं. समोरच्या बाई, त्याच पाय आपटत गेलेल्या, मला रस्त्यात गाठून म्हणाल्या, "बाई, अक्कांना जरा सांगा ना, आमच्या ह्यांचं पुन्हा वाढलंय. देवाच्या कानावर घाला म्हणावं."

मंगला तर घाबरूनच गेली. भावाकडे निरोप पाठवून तिनं सांगितलं, पाट लावायचा नाही. मला म्हणाली, "त्यासना देववरना भरोसा उडी गया, बाई. पोऱ्या गया तरी नही उडना, तो आते उडना. अशी बाईले सोडीसन मी कशी जाऊ?" मलाही तेच वाटत होतं. इतकी वर्षं ज्याच्याशी रोज बोलल्या त्याच्याशी त्यांनी बोलणं टाकलं, असंच मी धरून चालले होते. अक्कांच्या कानावर मंगलाचा नकार गेला तेव्हा मात्र त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं, "मना पोऱ्या गया. तू काय मना पुढे दिवा लावाले ऱ्हायनी का? ऊठ. पेटी भर." इतक्या कडक बोलल्या की मंगलाला वाटलं आपल्याला हाकलून देतायत. ती रडतच भावाबरोबर गेली. पाट माहेरी लागला, गाजावाजा न करता. अक्का गेल्या नाहीत. दारात उभ्या राहून बैलगाडी वळेपर्यंत बघत राहिल्या आणि मग अंगण झाडायला घेतलं.

पाट लागल्याचा निरोप चारेक दिवसांनी संध्याकाळी आबांनी आणून दिला. रात्री अक्का जेवल्या नाहीत एवढं मला भिंतीपलीकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करत होते आणि पलीकडून तो आवाज आला. इतक्या दिवसांनी, तसाच खणखणीत. अंगणातून जाणारी बादली थांबल्याचं ऐकू आलं. मी स्टोव्ह बंद केला.

"आयक रे बाप. इतला दिन मी बोलनी नही, रुसनी नव्हती. ती पोर आयकी लेई म्हनीसन तोंड मिटी ऱ्हायनी. आते ती गयी. तिना घरमा तिले सुख दे, तिनी कूस भर. आनि आते मनं आयक. मी खोटं बोलनी. भाऊबंदसमोर खोटं बोलनी, कानबाईसमोर खोटं बोलनी. माले कोनी काही सांगेल नही, काही समजेल नही. मना दिलीप जित्ता शे. मना जित्ता पोऱ्याले मी मना हातखाल जाळं. पाप लागस व्हई ते माले लागू दे. तिले लागू देऊ नको, आबाले लागू देऊ नको, त्यासले माहीत नही."

मी भिंतीला टेकून खाली बसले. मला रडू आवरेना. बाहेर बादली अजून उचलली गेली नव्हती. मग पलीकडे अक्कांचा आवाज उतरला, अगदी घरातल्या माणसाशी बोलावं इतका.

"आनि एक सांगी दे माले. एखाद दिन तो घर उना, दारमा उभा राहीसन त्यानी इचारं, माय, मंगला कोठे शे? ते मी त्याले काय सांगू?"